हलवायचं काम

जुनी मोटार सरळ चालायची सोडून दारुड्यासारखी भटकायला लागली, की लोक ती मिस्त्रीकडे आणत. मिस्त्री मोटारीखाली झोपायचा, सांध्यांवर बोटं ठेवायचा आणि वर बायकोला बसवून स्टिअरिंग हलवायला लावायचा. हळू हललं तर "हात मोडले का गं?", जोरात हललं तर "जात्यावर बसलीस काय?" तेही गिऱ्हाइकासमोर. लग्न झाल्यापासून तिच्या नशिबी हेच.

त्या दिवशी असंच एक खटारं आलं. मिस्त्रीला खाली एक सांधा ढिला सापडला. तो बदलून त्यानं मिशीला पीळ दिला. तिनं स्टिअरिंग पुन्हा धरून पाहिलं. चांगलं दोन बोटं ते नुसतंच फिरत होतं, चाकं मात्र ढिम्म. खरा दोष वर, स्टिअरिंग बॉक्समध्ये होता.

"अहो, अजून..."

"तू हलवायचं. निदान करणं माझं काम. अक्कल पाजळू नकोस."

तिनं उतरून त्याच्यासाठी दार उघडून धरलं. मिस्त्री भरधाव निघाला तो पहिल्याच वळणावर भिंतीला जाऊन धडकला.

आता तो खाटेवर आहे, पाय प्लास्टरमध्ये. काल त्यानं विचारलं, "तुला कळलं होतं ना गं? मग बोलली का नाहीस?"

तिनं प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे हलवला. तो ढोरासारखा ओरडला.

"कुठं दुखतंय ते तुम्ही ओळखा," म्हणत तिनं पाय पुन्हा हलवला. "निदान करणं तुमचं काम. मी आपली हलवते."