शुक्रवारचं पांढरं

मारिनाल्वा गाडी चालवायला शिकवते. साल्वादोरच्या लिबेर्दादी वस्तीतल्या आमच्या चढावर निम्म्या बायाबाप्यांना क्लच सोडायला तिनंच शिकवलं, आणि शिकवता शिकवता मनसोक्त शिव्या घातल्या. "अगं बये, गियर हाय तो, नवऱ्याची मान न्हाई, अशी पिरगाळू नको!" तिचा आवाज माझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटावरून ऐकू येतो.

रंगानं ती काळीभोर. त्यात लाजण्यासारखं काही असतं हे तिला कधी कळलंच नाही. नवरा, रुडिनेई, दक्षिणेकडचा. जर्मन आजोबाचा नातू, उन्हात पाच मिनिटं उभा राहिला तर उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होणारा. समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, त्यामुळं घरात पाहुण्यासारखा. दोघांची एकच पोरगी, लुआना. तिची धर्ममाता मी, गल्लीतली शिंपीण 'देते'.

लुआना बापावर गेली. मधासारखे केस, हिरवट डोळे. बाळंतपणात मारिनाल्वाची सख्खी मावशी इस्पितळात आली, दुपटं बाजूला सारून बघितलं आणि म्हणाली, "पोट धुतलंस गं पोरी! देव पावला." मावशी स्वतः कोळशासारखी. मी तिथंच उभी होते. काळ्या बाईला उजळ पोर झालं की आमच्याकडं हे आशीर्वादासारखं म्हणतात, नि ऐकणारीनं हसायचं असतं. मारिनाल्वा हसली नाही. म्हणाली, "मावशे, माझं पोट घाण नव्हतं."

पोरगी शाळेत जाईपर्यंत ठीक होतं. बापाच्या कंपनीच्या कृपेनं ती वरच्या वस्तीतल्या मोठ्या शाळेत गेली, आणि या वर्षी एक दिवस म्हणाली, "आई, तू गेटवर नको ना येऊस. कोपऱ्यावर थांब." मग म्हणाली, गाडीतून उतरूच नको. मारिनाल्वा माझ्याकडं येऊन बसली. "देते, माझी पोरगी माझ्या हातातून चाललीय. मला आई म्हनायची लाज वाटतीय तिला."

"आठ वर्षांची आहे गं," मी म्हटलं. "त्या वयात सगळ्यांनाच आईची लाज वाटते."

"तुझ्या पोराला तुझी वाटली का?"

मी मशीनवरचं कापड सरळ केलं. माझा पोरगा माझ्याच रंगाचा आहे.

मग त्या मानुएलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं. मानुएला वर्गमैत्रीण, समुद्राकाठच्या उंच इमारतीत राहणारी. वार शुक्रवार. मारिनाल्वा शुक्रवारी पांढरंच घालते. तो ऑशाला देवाचा वार. लहानपणापासूनचा नेम आहे तिचा. तिचाच कशाला, साल्वादोर शहर शुक्रवारी निम्मं पांढरं असतं, बस हाकणाऱ्यापासून वकिलापर्यंत. पण गोऱ्या पोरीचा हात धरलेल्या काळ्या बाईच्या अंगावर तेच पांढरं पोरं सांभाळणाऱ्या आयाचा गणवेश होऊन बसतं. वरच्या वस्तीत आयांना नखशिखांत पांढऱ्यात ठेवायची पद्धत आहे. लुआनानं सकाळी दोनदा विनवलं होतं, "निळा झगा घाल की." मारिनाल्वा म्हणाली, "निळा उद्या."

खाली दरवान. तो मारिनाल्वाहून जरासाच उजळ असेल. त्यानं लुआनासाठी मोठ्या लिफ्टचं दार उघडलं आणि मारिनाल्वाला मागची वाट दाखवली. "नोकरांची लिफ्ट तिकडनं, ताई." त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर पितळी पाटी लकलकत होती, लिफ्टमध्ये कुणाशीही भेदभाव करणं गुन्हा आहे म्हणून.

"वाचता येतंय का रे तुला?" मारिनाल्वानं विचारलं नि मोठ्या लिफ्टमध्ये शिरली. लुआना कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटली.

वर दोना बेआत्रिस, मानुएलाची आई. लुआनाच्या गालाचे मुके घेतले आणि मारिनाल्वाकडं न बघताच म्हणाली, "बरं झालं तू आलीस. मुलं पोहायच्या तलावात उतरणार आहेत, जरा काठावर उभी राहशील? बाकीच्या आया स्वयंपाकघराजवळ बसल्यात, तुझं ताट तिथंच लावते."

"मी तिची आई हाय," मारिनाल्वा म्हणाली.

बाई हसली. खरंच हसली. "काय गोड! आमची झेनाइदीपण मानुला 'माझी लेक' म्हणते. हो ना गं लुआना? कोण आहेत या?"

सगळ्या बाया बघत होत्या. मारिनाल्वा सांगते, तेवढ्या वेळात तिनं पोरीकडं असं बघितलं जसं कधी देवाकडं बघितलं नसेल. लुआना बुटांकडं बघत म्हणाली, "ही मला सांभाळते."

मारिनाल्वाचे पाय तिला कुठं नेत होते तिलाच कळलं नाही. ती आयांच्या टेबलावर जाऊन बसली. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या काळ्या. पुढ्यात गार कोंबडीचे वडे, तळातले मोडलेले. मानुएलाला सांभाळणारी म्हातारी झेनाइदी तिच्या कानाशी वाकली. "पोर तुझीच आहे. चालते तुझ्यासारखी. मी नाही सांगणार कुणाला." जणू मारिनाल्वानं पोर चोरून आणली होती.

मग केक. पहिला तुकडा वाढदिवसाच्या पोरानं सगळ्यात लाडक्या माणसाला द्यायचा असतो. मानुएला तो घेऊन सगळ्या पाहुण्यांतून सरळ झेनाइदीकडं आली. बशी अजून म्हातारीच्या हातात नीट बसली नव्हती, तोवर बेआत्रिसनं दोन बोटांत धरून उचलली. "आधी आजीला, राणी. झेनाचं नंतर, ती काही पळून नाही चाललीय." सगळे हसले. झेनाइदीपण हसली. हसून तिनं हात मांडीवर पुसले, बशी तेलकट होती म्हणून नव्हे.

मारिनाल्वा उठली. "लुआना, चल घरी."

आता मात्र बेआत्रिस गोंधळली. तिला ते नाक दिसलं असावं. दोघींचं एकच नाक. "अरे बापरे! तुम्ही खरंच... अहो, किती वाईट वाटतंय मला! पांढऱ्या कपड्यांमुळं हो. आणि तुम्ही काळ्या कुठं आहात, छान दालचिनीचा रंग आहे तुमचा. आमच्यात असलं काही नसतं बरं, माझी पणजीच आफ्रिकेची होती. या देशात आपण सगळेच मिसळलेले."

"तुमची पनजी कुठल्या लिफ्टनं यायची?" मारिनाल्वानं विचारलं. उत्तराला थांबली नाही.

लिफ्टचं दार मिटलं तशी लुआना बोलली. "आई, मला केक नाही मिळाला."

मारिनाल्वानं बटण दाबून दार परत उघडलं. बेआत्रिस तिथंच उभी, मागं बाया, मागं पोरं. "आता म्हन," ती लेकीला म्हणाली. "आता काय म्हनलीस मला, ते यांच्यासमोर म्हन." पोर रडायला लागली. मारिनाल्वानं बटणावरचं बोट काढलं नाही. दार घरघरत राहिलं. शेवटी हुंदक्यातनं एकदा "आई" बाहेर पडलं, आणि बेआत्रिस कळवळून म्हणाली, "कशाला रडवता हो तिला, लहान आहे."

हे सगळं मारिनाल्वानं मला माझ्या घरी येऊन सांगितलं. तोंड आंबल्यासारखं करून. त्या बाईचं सांगताना तिला इतकी किळस आली नव्हती, जितकी त्या लिफ्टच्या दाराचं सांगताना आली.

"पोलीस वदवून घेतात ना देते, तसं काढलं मी तिच्याकडनं. माझ्या पोटच्या पोरीकडनं." ती मोरीत गेली, चूळ भरली, पुन्हा भरली. "आन् ते वडे मी खाल्ले, ठावं हाय? तिथं बसून खाल्ले. अजून तोंडाला चव हाय त्यांची."

मला त्या बाईची, दरवानाची, त्या हसणाऱ्या म्हातारीची, मावशीच्या त्या आशीर्वादाची, सगळ्याचीच एकदम शिसारी आली. आणि खरं सांगायचं तर दाराबाहेरच्या त्या गोड पोरीचीही.

ती बाहेर गल्लीतल्या पोरांत खेळत होती. डोळे पुसून झाले होते. इथं सगळे आमच्याच रंगाचे, इथं तिला कुणाची लाज नाही. तिनं तिथनंच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "आई! ए आई! भूक लागली!"

मारिनाल्वानं ओ दिली नाही. नळ तेवढा मोठा सोडला.