शेजारचं माणूस

शाळेच्या प्रदर्शनात पहिल्या मुख्याध्यापिका सुमतीबाईंचा फोटो आहे. बाई पायरीवर बसल्यात, मागे बसलेल्या एक बाई त्यांची वेणी घालतायत. खाली लिहिलंय, ‘शिक्षणासाठी आयुष्यभर एकट्या राहिल्या.’

“एकट्या कसल्या?” त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी असलेल्या एक आजी म्हणाल्या. “या शांताबाई. एका घरात म्हाताऱ्या झाल्या दोघी. गावात कुणाचं लग्न असलं, की पत्रिकासुद्धा दोघींना मिळून एकच जायची.”

प्रदर्शन सुमतीबाईंच्या भाच्यानं मांडलं होतं. मी त्याला म्हटलं, “शांताबाईंचं नाव तरी लिहा.”

“नको. लोक काय म्हणतील?”

बाईवर प्रेम करणाऱ्या बायका पूर्वी नव्हत्याच, असं आम्हाला ऐकवतात. नसतील कशा? शेजारचं माणूस खोडलं, की उरलेल्याला त्यागी म्हणता येतं, एवढंच.

भाचा चहाला गेला. आजींनी माझ्याकडे पेन मागितलं आणि फोटोखाली सावकाश लिहिलं, ‘सोबत शांताबाई’.