डावा गाल आणि सहा काचा

बाबा अमरावतीला वकील होते. कोर्टात ते एका बाजूने बोलत. घरी मात्र दोन्ही बाजूंनी बोलत आणि निकाल कधीच देत नसत. माझ्या लग्नात फोटोवाला ठरवायची वेळ आली तेव्हाही तेच झालं. दोन फोटोवाले समोर होते आणि बाबा रोज संध्याकाळी दोघांची वकिली आळीपाळीने करत.

पहिला आमच्याच गावातला, परकोटाजवळ दुकान असलेला. तीन पायांवर उभा राहणारा मोठा कॅमेरा, काळं फडकं आणि काचेच्या प्लेटा असा त्याचा थाट. लढाई सुरू झाल्यापासून विलायती काचा मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून त्याने सांगून टाकलं की एका लग्नाला सहा काचा, सातवी मागू नका. पण त्या सहांवर मेहनत फार. त्याचा मोठा भाऊ आतल्या खोलीत काच उजेडासमोर धरून बसे आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या भरून काढी. त्याला ते रीटचिंग म्हणत. बाबा दुकानातले नमुने पाहून आले आणि म्हणाले की कोर्टातले सगळे म्हातारे वकील त्या भिंतीवर तरणेबांड होऊन बसलेत.

दुसरा अकोल्याचा, नवऱ्यामुलाच्या मामांनी सुचवलेला. त्याचा कॅमेरा हातात मावणारा, आत रीळ घातलेलं. हळद, सप्तपदी, पंगत, जो समोर येईल त्याचा फोटो तो काढी. फक्त त्याची फिल्म बोटभर रुंदीची, तिच्यावर पेन्सिल चालण्यातली नव्हती. जसं तोंड तसा फोटो, असं मामांनी अभिमानाने सांगितलं. ते ऐकून मी मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली.

मी चार वर्षांची असताना मला देवी आल्या होत्या. आई त्याआधीच गेलेली. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली; तिनेच मला वाढवलं. देवी आल्या तेव्हा मी खाजवू नये म्हणून तिने माझे दोन्ही हात फडक्याने बांधले आणि कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालत बसली. तिचा डोळा लागला तेवढ्यात मी एक हात सोडवला आणि डावा गाल ओरबाडला. उजवा गाल साफ राहिला. डाव्यावर वण राहिले, ओल्या मातीत ज्वारीचे दाणे दाबून काढल्यासारखे. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, आणि कोणी बोलत नाही म्हणूनच मला ते दिवसरात्र आठवत.

अकोल्याची मंडळी मला पाहायला आली तेव्हा मी कारस्थान केलं. पाट मी स्वतः सरकवून भिंतीशी असा ठेवला की डावा गाल भिंतीकडे राहील. आत्याने ते पाहिलं आणि ती आत स्वयंपाकघरात निघून गेली. मध्येच मुलाने पाणी मागितलं. मी मान खाली घालून उठले, तांब्या दिला, परत येऊन बसले. पुढे होकार आला आणि घरात पेढे वाटले गेले. मला मात्र एकच प्रश्न लागून राहिला: पाणी देताना त्यांनी तो गाल पाहिला का? पाहून होकार दिला असेल तर प्रश्नच मिटला. पण पाहिलाच नसेल तर लग्नानंतर कधीतरी दिसणारच, आणि फोटोत दिसला तर निवांतपणे, हातात धरून, हवा तितका वेळ दिसणार. फसवलं असं ते म्हणतील, आणि ते खरंच असेल. या विचाराने माझं अन्न तुटलं. बायका म्हणत, सासरच्या ओढीने पोरगी वाळली.

एका दुपारी आत्या तांदूळ निवडत होती आणि बाबा पुन्हा दोन्ही फोटोवाल्यांचं पारडं वरखाली करत होते. आत्या सुपातून मान वर न करता म्हणाली, "तो अकोल्यावालाच बोलवा ना. तो म्हने कोनाचेबी काढते. एखाद्यात मागून मीबी येऊन जाईन."

बाबा ऐकून न ऐकल्यासारखे झाले. मंगलकार्यात विधवेला पुढे बोलावत नसत. अक्षतांच्या वेळीसुद्धा तिने आत स्वयंपाकावर लक्ष ठेवायचं, असाच रिवाज. मोजून सहा काचा असल्यावर तिच्या वाट्याला त्यातली एक येणं अशक्यच होतं. रीळवाल्याच्या गर्दीत मात्र ती कुठेतरी आली असती, कोणाच्या डोळ्यावर न येता. तिचा एकही फोटो नव्हता. माझ्यासोबत तर नाहीच.

म्हणजे पुष्कळ फोटो घेतले तर आत्या मिळत होती आणि थोडे, चांगले घेतले तर माझा गाल झाकला जात होता. मला हे त्याच दुपारी स्वच्छ दिसलं. संध्याकाळी बाबांनी अखेर कंटाळून विचारलं, तू सांग, कोणता? मी म्हटलं, गावातला. आत्या आत कणीक तिंबत होती. तिने ऐकलं असणार. 

लग्नाच्या दिवशी नवीनच काळजी निघाली. होम झाल्यावर बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण फोटोवाल्याने आम्हांला तसं बसवून, तोंडं जरा एकमेकांकडे करा, असं सांगितलं, आणि माझा डावा गाल सरळ कॅमेऱ्यासमोर आला. मी बाजू बदलू का, असं हळूच विचारलं. तो दचकला. बायकोला उजवीकडे बसवलेला फोटो माझ्या दुकानातून गेला तर लोक मला हसतील, म्हणाला. पेन्सिल आहे ना, काळजी करू नका. म्हणजे त्यालाही लांबून दिसत होतं. 

पाच काचा ठरल्याप्रमाणे गेल्या. सहावी मामांनी आपल्या मित्रमंडळींसाठी धरून ठेवली होती. ते सगळे मिशा सारख्या करत ओळीने उभे राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते तांदळाचं सूप आलं, आणि मी, नवरी, भरमांडवात मोठ्याने म्हणाले, "ही काच माझी न् आत्याची."

मामांची मिशी हातातच राहिली. बाबांनी एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जन्मात पहिल्यांदा घरात निकाल दिला. "काढा," म्हणाले.

आत्या येईना. मले काहून उभं करता शुभाच्या कामात, असं पुटपुटत ती चुलीपाशीच बसून राहिली. मी मुंडावळ्यांसकट आत जाऊन तिला हाताला धरून आणलं. ती माझ्या मागे उभी राहिली, विधवेच्या नेहमीच्या तांबड्या लुगड्यात, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.  मी हलले असते तर फोटो बिघडला असता, म्हणून मी रडले नाही.

अकोल्याला आल्यावर मी फोटोंची वाट पाहत दिवस काढले. जेवायला वाढताना मी पंगतीच्या अशा टोकाकडून सुरुवात करी की उजवा गाल यांच्याकडे राहावा. पेन्सिलवाला भाऊ आजारी पडला तर? घाईत एखादी काच तशीच राहिली तर? शेवटी बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ बडनेऱ्याहून येताना पाकीट घेऊन आले. यांनी ते माझ्यासमोरच उघडलं. माझा डावा गाल धुतलेल्या बशीसारखा साफ होता. माझा जीव भांड्यात पडला.

यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा गाल कोनाचा आहे?"

मी पदर डाव्या गालावर ओढला. मग हेच बोलले. मला पाहायला आले त्याच दिवशी, आत स्वयंपाकघरात आत्याने यांच्या आईला सगळं सांगितलं होतं: पोरीच्या डाव्या गालावर देवीचे वण आहेत, ती लपवून बसली आहे, तुम्ही नीट पाहूनच काय ते ठरवा. आईने यांच्या कानावर घातलं. "म्हनून तर पानी मागतलं मी. तू उठून वळशील म्हनून."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला. इतके महिने मी जिवाचं पाणी पाणी केलं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. त्या गालासाठी मी ते रीळ घालवलं होतं. आत्याला तर माझं सगळं कळत होतं, पाट सरकवण्यापासून ते गावातला फोटोवाला निवडण्यापर्यंत, आणि ती गप्प राहिली होती. मी त्या रागातच शेवटचा फोटो उचलला.

त्यात आत्याच्या कपाळावर कुंकू होतं. चांगलं ठसठशीत, गोल.

कसं झालं ते पुढे कळलं. त्या काचांवर तांबडा रंग काळा उमटतो. आत्याचं तांबडं लुगडं फोटोत सवाष्णी नेसतात त्या काळ्या चंद्रकळेसारखं दिसत होतं. आतल्या खोलीतला तो भाऊ लग्नाला आलेलाच नव्हता. नवरीच्या खांद्यावर हात ठेवून चंद्रकळा नेसलेली बाई उभी, म्हणजे नवरीची आई. आणि नवरीच्या आईचं कपाळ रिकामं कसं असेल, काचेवर कुंकू उमटायचं राहिलं असेल, असं त्याने धरलं. काच खरवडली की कागदावर तिथे काळं उमटतं; चाकूच्या टोकाने खरवडून त्याने ते लावून दिलं.

सासूबाईंनी तो फोटो पाहिला आणि पालथा ठेवला. दिवाळसणाला अमरावतीला गेले तेव्हा बाबा म्हणाले, काचच फोडून टाकू. बाबा आणि मी दुकानात गेलो. भाऊ ओशाळून हात जोडत होता. खरवडलेलं परत येत नाही, पण वरून पेन्सिलीने भरून देतो, म्हणाला. आणि गालावरची पेन्सिल? मी सहज विचारलं. ती टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली जाते, म्हणाला.

घरी आल्यावर मी भीतभीत तो फोटो आत्याच्या हातात दिला. तिने तो दाराशी उजेडात नेला आणि कितीतरी वेळ पाहिला. मला वाटलं, आता ती रडेल किंवा फाडेल. तिने अंगठा फोटोवर टेकवला आणि विचारलं, "हे पुसून निघते का?"

मी घाईघाईने सांगितलं, कपाळावरचं पुसता येत नाही, पण वरून भरून देणार आहे तो, दिसणार नाही.

"ते नाही म्हनत मी," आत्या म्हणाली. "तुह्या गालावरचं. माहा डोळा लागला म्हनून झालं ते. तेवढं माह्या हातून झालेलं होतं तुह्यावर, तेबी पुसलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले आणि त्या काचेवरचा माझा गाल टर्पेंटाइनने धुऊन घेतला. वण सगळे परत आले. कपाळाचं काय करू, असं त्याने विचारलं. ते राहू द्या, म्हटलं.

त्या काचेवरून नवी प्रत काढून मी आत्याला दिली. तिने ती कधी भिंतीवर लावली नाही, कोणाला दाखवली नाही, आणि मी कितीदा मागितली तरी मलाही परत दिली नाही.