काशिनाथच्या गाडीतली चिप

मंगळवार, ९ डिसेंबर. मेथी निवडायला बसले होते. अर्धी जुडी झाली आणि हात थांबले, ते थांबलेच. परात तशीच समोर आहे. नवरा संध्याकाळी कंपनीतून येईल, त्याआधी भाजी फोडणीला पडायला हवी. पण आधी हे लिहिते.

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी काढत नाही — त्याला माहीत असेल तर असो, मी होऊन सांगणार नाही, असं. मला रडायची सवय नाही आणि आता रडून उपयोगही नाही. पण उद्या सकाळपर्यंत एका माणसाला मला उत्तर द्यायचं आहे, आणि मला सुचत नाहीये.

आधी धंद्याचं थोडं सांगावं लागेल. टाळाटाळ वाटेल — आहेच ती, थोडीशी.

आमच्या तीन पिकअप गाड्या आहेत. नवरा सातपूरला नोकरी करतो, म्हणून गाड्या मीच बघते. अंबडच्या कारखान्यांतला माल भिवंडीला पोचवायचा, कांद्याच्या दिवसांत नामपूरहून वाशी मार्केटला जायचं. लग्न झालं तेव्हा मला सायकलही येत नव्हती. आता बोनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगते. गाडीमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकटी बाई. नवराही आहे त्यात, पण तो फक्त वाचतो. सुरुवातीला बाकीचे म्हणायचे, वहिनी, आधी पोळ्या आटपा, मग गाड्यांचं बघू. पुढे तेच विचारायला लागले — वहिनी, टायर कोणते घेऊ? वहिनी, ऑइल कुठलं घालता? मला ते आवडायचं. फार आवडायचं. हे लक्षात ठेवा.

आमच्यात ड्रायव्हरची पारख ॲव्हरेजवर होते. लिटरला गाडी किती चालली, बस. ॲव्हरेज पडलं की पहिला संशय ड्रायव्हरवर — ढाब्यामागे गाडी लावून नळीने डिझेल काढलं असणार. असे ड्रायव्हर असतात, मी पाहिलेत. आणि नवा ड्रायव्हर ठेवायचा असला की आधीच्या मालकाला फोन करायचा, ही इथली रीत. लायसन नंतर बघतात. मालक ‘बरा आहे’ म्हणाला की चावी हातात. नाही म्हणाला की नाही.

काशिनाथ आमच्याकडे पाच-सहा वर्षं होता. पेठच्या पलीकडल्या पाड्यावरचा, कोकणा आदिवासी. त्याची बायको द्राक्षबागेत कामाला जायची. तो गाडीला ‘म्हातारी’ म्हणायचा आणि तिला म्हातारीसारखंच जपायचा. मी भाडं ठरवताना फोनवर कुणाशी भांडत असले की तो बाजूला उभा राहून म्हणायचा, “वहिनी, उद्यापासून तुम्ही गाडी चालवा, पोळ्या मी करतो.” मला हसू यायचं. मी फार हसणारी बाई नाही, तरी यायचं.

तीन दिवाळ्यांपूर्वी मी त्याच्या गाडीला चिप बसवली. माझा मावसभाऊ सुनील, त्याचं अंबडला वर्कशॉप आहे. काड्यापेटीहून थोडी मोठी काळी डबी — इंजिनाच्या वायरिंगमध्ये मध्येच जोडतात. इंजिनाची ताकद वाढते आणि डिझेल कमी लागतं, असं सगळे म्हणत होते. दोन्ही एकदम. ताकद जास्त आणि डिझेल कमी, हे एकाच डबीतून कसं होईल, असं मी विचारायला नको होतं का? मी भाजीवालीला दहा प्रश्न विचारते. सुनील म्हणाला, लोक बसवतात, ताई, आपणही बसवून बघू. मी बघितलं. आणि त्याला बजावलं, काशिनाथला सांगायचं नाही. ताकद वाढली हे कळलं की ड्रायव्हर गाडी दामटतात.

पहिल्या फेरीहून आला तो हसतच. “वहिनी, म्हातारी जवान झाली. भरल्या मालात कसारा घाट वरच्या गिअरमध्ये चढली. काय केलं काय तिला?”

सर्व्हिसिंग केलं, म्हटलं. पहिलं खोटं ते.

डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये ॲव्हरेज दिसतं. ते चांगलंच वाढलं होतं. मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आठवडाभर नुसते अंगठे आणि फोन. दोघांनी माझ्या शब्दावर आपापल्या गाड्यांना चिप बसवून घेतली. त्या आठवड्यात मी जमिनीवर नव्हते.

मग पंपाचा हिशोब केला. मीटरच्या म्हणण्याप्रमाणे डिझेल कमी लागायला हवं होतं, टाकीत तर आधीपेक्षा जास्त पडत होतं. चिप नव्हती तेव्हा मीटर आणि टाकी यांचं जुळायचं. आता जुळेना. मग मधलं डिझेल गेलं कुठे? मी काय समजले असेन, सांगायला हवं का? मीटरवर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि आता खरंच बोलायचं ठरवलंय तर हेही बोलते — काशिनाथ पाड्यावरचा होता. माझ्या माहेरच्या गावचा कोणी असता तर बोट इतक्या लवकर त्याच्याकडे वळलं असतं का? नसतं वळलं.

मी त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं नाही. गाड्या लावतो त्या जागेवर, बाकीच्या ड्रायव्हरांसमोर विचारलं. तो आधी समजलाच नाही. समजल्यावर त्याचा चेहरा उतरला.

“मी नाय घेतलं, वहिनी,” तो म्हणाला. “टाकी तुम्ही भरा न् माझ्याशेजारी बसा. भिवंडी करून येऊ. आल्यावर परत भरा, मंग कळंल.”

मला तेवढाच उद्योग आहे का, असं मी म्हणाले. हेच शब्द. त्याने चावी बोनेटवर ठेवली आणि तो पेठ रोडकडे चालत निघाला. मी फोन काढला. दसऱ्याच्या गाडीपूजेचा एक फोटो होता — गाडीला झेंडूचा हार, शेजारी काशिनाथ, कपाळाला कुंकू, हसतोय. तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, डिझेल चोर, कोणी कामावर ठेवू नये.

इथपर्यंत ती चूक होती. वाईट, पण चूक. कबूल करायचं आहे ते याच्यापुढे आहे.

नवा ड्रायव्हर आला. हिशोबात डिझेल तेवढंच कमी. हाही चोर? की दोघंही नाहीत? मग मी तेच केलं, जे काशिनाथ सांगत होता. टाकी काठोकाठ भरली, ड्रायव्हरशेजारी बसले, भिवंडीला गेले. माल उतरेपर्यंत गाडीजवळून हलले नाही, चहासुद्धा केबिनमध्ये मागवला. परत येऊन त्याच पंपावर टाकी भरली. थेंबभर डिझेल कुणी काढलं नव्हतं. आणि फरक होता तेवढाच होता.

तशीच सुनीलकडे गेले. त्याने लॅपटॉप जोडला, कुणाला तरी फोन करून विचारलं, आणि मग माझ्याकडे न बघता सांगितलं. गाडीत एक कॉम्प्युटर असतो, इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते तो ठरवतो. ही चिप त्याला खोटं सांगते, की डिझेलचा दाब कमी पडतोय. तो आणखी डिझेल सोडतो. त्यातून ताकद वाढते. पण आपण जास्त सोडतोय हे त्या कॉम्प्युटरला कळतच नाही, म्हणून मीटरवर ॲव्हरेज चांगलं दिसत राहतं. “ताई, आपल्या गाडीचं तरी हे असं आहे,” तो म्हणाला. “मलाही एवढं माहीत नव्हतं.”

चिप मी तिथेच काढायला लावली. तेव्हा काशिनाथला जाऊन महिनाही झाला नव्हता. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

मी फोन केला नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. चिप काढली तसा हिशोब जुळायला लागला, आणि सगळ्यांनी तो जुळलेला पाहिला. ग्रुपवरचे म्हणाले, बघा वहिनी, चोर गेला न् गाडी सुधारली. नवराही म्हणाला. काशिनाथवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त जीव होता, तो म्हणाला, माणूस असा निघेल असं वाटलं नव्हतं गं.

मी म्हटलं, हो ना.

एवढंच. हो ना. तीन वर्षं मी या दोन शब्दांवर बसून आहे.

का म्हणाले? चिप मीच नाचवली होती. आता मीच सांगायचं, की मीटर खोटा होता आणि मला कळलं नाही? मग पुन्हा सगळे म्हणणार — वहिनी, पोळ्या करा. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच. दुसरं मोठं कारण शोधून पाहिलं, नाही सापडलं. आणि ज्या दोघांनी माझ्या सांगण्यावरून चिप बसवली होती, त्यांना मी आठ दिवसांत फोन करून ती काढायला लावली. वॉरंटीला अडचण येते, असं सांगितलं. म्हणजे त्यांचे ड्रायव्हर वाचले. म्हणजे मला तोंड उघडता येत होतं. फक्त काशिनाथसाठी उघडलं नाही.

त्याला अंबडला गाडी मिळाली नाही. सातपूरला नाही. ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये तो फोटो. गेल्या उन्हाळ्यात एका कारखान्याच्या गेटवर तो मला दिसला, ट्रकमधून लोखंडी सळया उतरवत होता. खांद्यावर फडकं, केस पिकलेले. मला वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटलं. तो म्हणाला, “बरं हाय ना, वहिनी? म्हातारी चालते का?” मी हो म्हणाले आणि फोनमध्ये बघितलं. फोनमध्ये काहीही नव्हतं.

आज दुपारी भामरे आण्णांचा फोन आला. सटाण्याकडचे आहेत, सातपूरला कामगारांच्या बस चालवतात. त्यांचा पहिल्या शिफ्टचा ड्रायव्हर सोडून गेलाय आणि काशिनाथ त्यांच्याकडे काम मागायला गेला होता. “वहिनी, मानूस तर बरा वाटस,” ते म्हणाले. “पन हाऊ तोच शे ना, तुमचा फोटोवाला? तुम्ही सांगा, सकाळी चावी देऊ का हाकलू?”

मी म्हटलं, उद्या सांगते.

उद्या कशाला? यात विचार करायचं काय होतं? मेथी निवडता निवडता मी काय शोधत होते, तेही लिहिते. ‘बरा आहे, द्या चावी’ — एवढंच सांगावं. त्याला काम मिळेल, मला काही होणार नाही. मग आण्णा विचारतील, तो फोटो मग? गैरसमज झाला होता, म्हणावं. कुणाचा, ते बोलू नये. अर्ध्या जुडीत मी हे सगळं जुळवलं होतं. किती पटकन जुळतं मला! आणि मग हात थांबले. काम मिळेल, पण चोराला दया दाखवून ठेवलेला माणूस म्हणून मिळेल. पुढे कधी कुठल्या बसचं ॲव्हरेज पडलं, की पहिलं नाव कुणाचं निघेल?

खरं सांगितलं तर काय होईल, तेही माहीत आहे. या धंद्यात माझ्याकडे शब्दाशिवाय दुसरं काही नाही. तोच खोटा ठरेल. नवरा काय म्हणेल — त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं? मला भीती वाटते आहे. काशिनाथला बोनेटवर चावी ठेवताना वाटली नसेल का?

गेटचा आवाज आला. नवरा आला वाटतं. वही मिटते.

बुधवार.

काल नवऱ्याला काही सांगितलं नाही. मेथी केली, तो जेवला, मी ताटात हात फिरवला.

सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेळेला स्कूटर काढून सातपूरला गेले. आण्णा बसजवळ उभे होते, त्यांचे तीन-चार ड्रायव्हर चहा पीत होते. काशिनाथ थोडा लांब, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून तो ताठ झाला, माझ्या येण्याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला असणार. मी स्कूटर स्टँडवर लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. काशिनाथने डिझेल चोरलं नव्हतं. मी गाडीला चिप बसवली होती, ती मीटरला खोटं दाखवायला लावत होती. हे मला कळलं होतं आणि मी गप्प बसले.

आण्णांनी कप खाली ठेवला.

काशिनाथ जवळ आला. “कधी कळलं तुम्हाला?” एवढंच विचारलं.

परवा, असं म्हणता आलं असतं. गेल्या महिन्यात, असंही. तोंडात आलंही होतं.

“तू गेल्यावर. महिन्याच्या आत,” मी म्हटलं.

मग त्याने आण्णांपुढे हात केला, चावी घेतली आणि बसमध्ये चढला. कामगार बसले होते, त्यांना उशीर होत होता. वळणावर बस दिसेनाशी झाली तेव्हा मी तिथेच उभी राहून तीच वाक्यं ग्रुपवर लिहिली, खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि पाठवली.

फोन वाजायला लागला. पहिला नवऱ्याचा होता. मी उचलला.