एडनच्या पांढऱ्या जमिनीवर भाड्याची मोटार

मी भाईंदर सोडलं त्या सकाळी बाबा मिठागरात होते. नव्या मोसमासाठी वाफ्यांचा तळ तुडवणं चाललं होतं. सात-आठ माणसं एका ओळीत, टाचा आपटत. मी बांधावरून हाक मारली. ओळ न मोडता ते म्हणाले, “जा आता. बोट काय तुझ्यासाठी थांबाची न्हाय.” पाया पडावं तर त्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात. मी बांधावरूनच हात जोडले. माझी बायको यमुना दारातून पुढे आलीच नाही. आमची मुलगी तेव्हा तिच्या पोटात होती.

आपल्या लोकांपैकी कुणी बसऱ्याला गेलं, कुणी आफ्रिकेत. माझ्या वाट्याला एडन आलं. इथल्या मिठागरांना आपल्याकडची जाणती माणसं हवी होती. इथे समुद्राचं पाणी पवनचक्क्या वर खेचतात आणि पाऊस म्हणजे वर्षातून दोन शिंतोडे. मी मेस्त्री झालो, पँट आणि बूट घालू लागलो, मिठागराची लॉरी चालवायला शिकलो. अंगात थोडी मस्तीही आली, खोटं कशाला बोलू? चार वर्षांनी पत्र लिहून यमुनेला आणि पोरीला बोलावून घेतलं. बोट शनिवारी लागणार होती. ती शुक्रवारी दुपारीच लागली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चार तासांत कोळसा-पाणी भरून बोट विलायतेकडे सुटणार होती. नवऱ्याने धक्क्यावर येऊन सही केल्याशिवाय एकट्या बाईला उतरू देत नाहीत, असं बंदरावरच्या कारकुनाने मला बजावून ठेवलं होतं. लॉरी साहेबाने नेलेली. जुम्म्याचा दिवस, त्यामुळे भाड्याच्या मोटारींचे ड्रायव्हर सगळे मशिदीत. शेख उस्मान नावाच्या वस्तीतल्या गॅरेजवाल्या कच्छी शेठपुढे मी अक्षरशः हात जोडले.

“गाडी देतो,” शेठ म्हणाले, “पण ड्रायवर नथी. तमे चलावशो?”

“चलावीश,” मी म्हणालो. आजवर लॉरी फक्त मिठागराच्या आवारात चालवली होती, हे काही मी बोललो नाही.

मोटार हलली. लॉरीचं चाक दोन्ही हातांनी ओढावं लागे, हे नुसतं बोट लावलं तरी वळायचं. समोरून उंट आला की मी डोळे मिटून ब्रेक दाबायचो. मागच्या सीटवर यमुनेसाठी घेतलेली नवी सतरंजी होती, ती दर वेळी घसरून खाली पडे. रस्ता खाडीला वळसा घालत चाललेला, आणि पुढे उंटांचा तांडा असा आडवा बसला की हलायचं नावच घेईना. तेवढ्यात बंदरावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. बाबांचे शब्द कानात वाजायला लागले.

बाजूला पांढरी, सपाट, कोरडी जमीन थेट बंदराच्या दिशेने पसरली होती. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी आगरी! मीठ धरलेली जमीन म्हणजे तळ पक्का, त्यावरून भरल्या पाट्या डोक्यावर घेऊन माणसं धावतात, हे मी रांगायला लागलो तेव्हापासून बघितलेलं. मी चाक वळवलं. एकच गोष्ट विसरलो. आपल्याकडे तळ पक्का असतो, कारण माणसं तो दिवसचे दिवस तुडवतात. ही जमीन कुणीच तुडवलेली नव्हती.

वरचा पांढरा थर भाजलेल्या पापडासारखा मोडला आणि मोटार पोटापर्यंत खाली बसली. मी चाकाखाली सतरंजी घातली. ती चिखलाने गिळली. चाकं फिरली तेवढी आणखी खोल गेली. मला रडू आलं, अगदी मोठ्याने. जी बाई कधी एकटी खाडीपलीकडे गेली नाही, ती पोरीला घेऊन विलायतेला उतरणार आणि विचारणार तरी कुणाला? शेवटी मी बूट काढून तिथेच टाकले, पँट वर गुंडाळली आणि चालू लागलो. अनवाणी पायांना मात्र सगळं कळत होतं. कुठे टाच रोवायची, कुठे थांबायचं नाही, हे चार वर्षांत ते विसरले नव्हते.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीवरचे लोक छोट्या होडीतून उतरत होते. यमुना होडीतच बसून होती, मांडीवर पोर, शेजारी गोरा अंमलदार. त्याने मला खालून वर पाहिलं. कागदावर लिहिलं होतं मेस्त्री, आणि समोर उभा हा चिखलाचा गोळा. त्याने आमच्याकडच्या एका हवालदाराकरवी तिलाच विचारलं, “बाई, हा तुझा नवरा का?”

तिने पदर कपाळावर ओढला. माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. चार वर्षांच्या उन्हाने मी वाळून काळा पडलो होतो, त्यात इंग्रजी केस आणि पँट. बोटीचा भोंगा पुन्हा झाला. मी चिखलाच्या पायांनी एक पाऊल पुढे टाकलं. मग तिची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली.

“आमचेच ते,” ती हवालदाराला म्हणाली. “तोंड न्हाय वलखलं. पाय वलखले.”

मोटार दुसऱ्या दिवशी चार उंटांनी ओढून काढली. शेठने मला गुजरातीत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मध्ये मोठी लढाई झाली, तीही आता संपली. बाबाही गेले. गावाकडून पत्र येतं, घरी कधी येणार? इथे एडनला यमुनेने दारात तुळस लावली आहे, पोरगी माझ्याशी मराठी आणि शेजारणीशी अरबी बोलते. मी उलट विचारतो, घर म्हणजे नेमकं कुठलं? पण अजूनही कधीतरी ती होडी डोळ्यांपुढे येते. त्या दुपारी ती ‘नाही’ म्हणाली असती, तर या जगात मी कुणाचाच नव्हतो.