काजवाल्याचं चुकलेलं पान

काजवाल्याला गल्लीत सगळे ओळखत, पण त्याच्याशी बोलायचं कारण कुणालाच नव्हतं. शिंपी सदरे शिवत आणि गठ्ठे बांधून त्याच्याकडे पाठवत. तो काजं करी, बटणं लावी. गठ्ठा आणणारा हमाल तो दारातूनच आत टाकी आणि वळून चालू लागे. बायकोला जाऊन बराच काळ लोटला होता. लेक दूर नांदत होती, तिचा फोन यायचा तो कामापुरता. खोलीत मशीनही नव्हती, की निदान तिची खडखड सोबतीला असावी. सुई कुठे बोलते? ती आपली कापडात शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. दिवसही तसाच जाई, कापडातून दोरा ओढावा तसा.

म्हणून तो संध्याकाळी शाळेत जाई. मोठ्या माणसांसाठी तिथे इंग्रजीचा वर्ग भरे. आधी तो गेला होता गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून. त्या वाचायला येऊन जमाना झाला, पण वर्ग काही सुटला नाही.

वर्गाची रीत साधी होती. बाई एक पान देत. त्यावरची इंग्रजी वाक्यं उघडीवाघडी असत. वाक्याचं पहिलं अक्षर लहान, माणसांची नावं लहान, कुठे विराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. ती आपण नीट करायची. ज्याचं पान एकही चूक न होता आलं, त्याने त्या दिवशी फळा पुसायचा आणि दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. बाकं थोडी, बाहेर वाट बघणारे फार.

काजवाल्याने फळा पुसला नव्हता. त्याच्यामागून आलेले भाजीवाली, रखवालदार, रंगारी सगळे फळा पुसून, हात झटकून गेले. रंगारी जाता जाता म्हणाला होता, की काकांना बाई आता पेन्शनच देणार. सगळे हसले, काजवालाही हसला. हसणाऱ्यांत आपणही आहोत, एवढ्यानेच त्याला बरं वाटलं.

खरी गोष्ट अशी, की त्याला सगळं येत होतं. पूर्णविराम म्हणजे गळ्याशी लावलेलं बटण, हे त्याने केव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. तरी रोज तो एक बटण मुद्दाम उघडं ठेवी. कधी शेवटच्या वाक्याचा विराम, कधी कुणा बिचाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. मग बाई त्याच्या बाकाशी थांबत, वाकून बघत आणि म्हणत, "काय हो काका, आज पुन्हा?" दिवसभरात माणसाच्या तोंडून त्याच्यासाठी निघालेलं तेवढंच एक वाक्य. ते घेऊन तो घरी जाई आणि जेवताना आठवून बघे.

असं निवांत चाललं असताना त्याच्या शेजारी एक आया येऊन बसली. दवाखान्यात काम करायची. तिथे रात्रीच्या नोंदी लिहिणाऱ्याची जागा रिकामी झाली होती. आठवड्याच्या शेवटी परीक्षा, त्यात इंग्रजी वाक्यं नीट लिहून दाखवायची. बाई दुसऱ्या टोकाला गुंतलेल्या असत. मग आया काजवाल्याच्या पानाकडे बघून आपलं पान दुरुस्त करी. एवढा जुना माणूस, चुकला तरी कितीसा चुकेल?

तिसऱ्या संध्याकाळी बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. दोन्हींत तेच नाव लहान, तोच विराम गायब. बाई रागावल्या नाहीत. आयाला एवढंच म्हणाल्या, की यंदाची परीक्षा राहू दे, पुढच्या खेपेला बघू.

आयाने पानाची घडी केली. मग काजवाल्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, तुम्ही इतके दिवस येताय आणि तुम्हालाच जमत नाही. मग माझ्यासारखीचं काय होणार? मी उद्यापासून येत नाही."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच त्याला लागलं. टोमणा असता तर झटकून टाकता आला असता.

त्याने तिच्या हातातलं पान घेतलं, बाकावर उलगडलं आणि बोटाने दाखवत सुरुवात केली. इथे वाक्य सुरू झालं, अक्षर मोठं कर. हा माणूस आहे, त्याचं नाव मोठं. इथे श्वास घेतला, स्वल्पविराम. इथे विचारतोय. इथे संपलं, लाव बटण. तो शेवटपर्यंत थांबला नाही. एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नसेल. मान वर केली तर बाई मागे उभ्या होत्या.

"हे तुम्हाला केव्हापासून येतं, काका?"

"बरेच दिवस झाले, बाई."

दारात एक तरुणी लेकराला कडेवर घेऊन जागेची वाट बघत होती. बाईंचं लक्ष तिकडे गेलं, मग त्यांनी टेबलावरचं डस्टर उचलून त्याच्या हातात दिलं. आयाला म्हणाल्या, उद्या लवकर ये, परीक्षेचं बघू.

त्याने फळा पुसला. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट, सावकाश. मागे टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा संपला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. वर्गाला जायच्या सवयीने त्याने हातपाय धुतले, सदरा बदलला, चपला घातल्या आणि मग उंबऱ्यातच उभा राहिला. गल्लीतून माणसं आपापल्या कामाला चालली होती. बऱ्याच वेळाने त्याने चपला काढल्या आणि दिवा न लावता आत जाऊन बसला.