उरलेली एक गोळी

"हलवू नका सिस्टर, नुसती फिरवा. फेस झाला की संपलं."

लता सिस्टर ती छोटी बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवत होत्या. आतली पांढरी पावडर विरघळायचं नाव घेत नव्हती. समोर शोभाताई शेजूळ बाही वर करून बसल्या होत्या. त्यांचे यजमान अंबादासराव बर्फाचा डबा घेऊन दाराशी उभे होते. औरंगाबादहून एसटीनं ते स्वतः इंजेक्शन घेऊन आले होते. डबा त्यांनी सगळ्या वाटेत मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

"मॅडम, एवढं भारीचं इंजेक्शन, आन् विरघळून बी न्हाई राह्यलं?"

"विरघळेल. घाई केली तर बिघडतं."

"घ्या मंग सावकाश. आमाला कुठं जायचंय."

शोभाताई हसल्या. हसताना त्यांचे डोळे गालांत बुडून जायचे. चेहरा असा गोल, सुजल्यासारखा, त्याचं कारण पुढे सांगते.

मी छातीच्या आजारांची डॉक्टर, जालन्यात प्रॅक्टिस करते. ही गोष्ट दोन हजारच्या दशकाच्या शेवटाकडची. शोभाताई एमआयडीसीतल्या एका बियाणं प्लांटमध्ये कामाला होत्या. अंबादासराव तिथंच जवळ स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. गाव अंबडच्या पुढं. अंबादासरावांचे भाऊ शेती करायचे, हे दोघं जालन्यात खोली करून राहायचे. सकाळी एकाच मोटरसायकलवर निघायचे. आधी तिला प्लांटच्या गेटवर सोडायचं, मग स्वतः मिलला.

शोभाताईंना दमा लग्नाआधीपासून. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात आणि आवळतात. सूज उतरवायचं जुनं आणि भरवशाचं औषध म्हणजे स्टिरॉइड. ते पंपातून, म्हणजे इन्हेलरमधून घेतलं तर अगदी थोडं लागतं आणि बरंचसं नळ्यांतच राहतं. गोळीतून घेतलं तर सगळ्या अंगात फिरतं. पण पंप एकदा लागला की सुटत नाही, अशी आपल्याकडे समजूत. शोभाताईंनी पंप घेतला नाही, गोळी घेतली. वर्षानुवर्षं. प्लांटमध्ये ग्रेडिंग मशीनची धूळ उडाली, दम लागला, की एक गोळी जास्त.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्या गोळ्यांनी चेहरा गोल झालेला, पाठीचा एक मणका दबलेला, साखर वाढलेली. मी पंप सुरू केला. त्यांनी मनापासून घेतला. फरक पडला, पण गोळी सुटेना. कमी केली की दम परत यायचा. काही थोड्या पेशंटचा दमा असा हट्टी असतो.

त्यांचा धाकटा भाऊ संजय पुण्यात नोकरीला. नव्या इंजेक्शनचं त्यानंच कुठून तरी ऐकलं आणि मला फोन केला. मी म्हटलं, आधी रक्त तपासू. अॅलर्जीच्या वेळी अंगात एक प्रथिन वाढतं. हे इंजेक्शन नेमकं त्यालाच धरून ठेवतं, म्हणजे पुढची सूजच कमी होते. स्टिरॉइड म्हणजे सगळ्या घरावर पाणी ओतून आग विझवणं. हे म्हणजे जिथून ठिणगी पडते तिथं हात धरणं. पण ते प्रत्येकाला चालत नाही. प्रथिनाचं प्रमाण आणि पेशंटचं वजन एका ठरावीक तक्त्यात बसावं लागतं. शोभाताईंचं बसलं.

"खर्च्याचं मी आन् संजू बघून घेतो," अंबादासराव म्हणाले. "तुमी फक्त तिच्या त्या गोळ्या सोडवा. चेहरा बघा तिचा. लग्नातल्या फोटोत वळखू बी येत न्हाई."

"अहो, काय बोलताय मॅडमसमोर," शोभाताई पुटपुटल्या.

"खरं तेच बोलून राह्यलो."

तर त्या दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं. रिअॅक्शन येते का बघायला दोन तास बसवून ठेवलं. काही झालं नाही.

पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता. मग एकदा शोभाताई आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, काल मी जिना चढून गच्चीवर कपडे वाळू घातले. वर गेल्यावर ध्यानात आलं, की मधी थांबलेच न्हाई." सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लता सिस्टरही बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या.

मग मी गोळी कमी करायला घेतली. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक लहान ग्रंथी असते. अंगाला रोज लागणारं स्टिरॉइड ती स्वतःच तयार करते. आजारपणात, तापात, जुलाबात जास्त तयार करते, म्हणून आपण तग धरतो. पण वर्षानुवर्षं बाहेरून गोळी मिळाली की ती ग्रंथी झोपी जाते. तिला जागं व्हायला महिने लागतात, कधी वर्षही. तोपर्यंत गोळी हे दम्याचं औषध राहत नाही. अन्नपाण्यासारखी ती जगायलाच लागते. एकदम बंद केली तर माणूस कोसळतो.

हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. रोजच्या चार गोळ्या होत्या, त्या आम्ही सावकाश एकावर आणल्या. "ही शेवटची एक सगळ्यात कठीण," मी म्हटलं. "ही मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. ताप आला, उलट्या झाल्या तर उलट वाढवायची, आणि मला फोन करायचा."

"बराबर," अंबादासराव म्हणाले.

मे महिन्यात अंबादासरावांच्या पुतण्याचं लग्न होतं. आदल्या आठवड्यात शोभाताई इंजेक्शन घेऊन गेल्या. चेहऱ्यावरची सूज बरीच उतरली होती. नवी साडी घेतल्याचं सांगत होत्या. ती त्यांची माझी शेवटची नीट भेट.

लग्नानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, गावाकडची जीप हॉस्पिटलच्या दारात येऊन थांबली. शोभाताईंना चौघांनी उचलून आत आणलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून जुलाब, उलट्या. गावात सगळ्यांनाच थोडंफार झालं होतं, पण बाकीचे उठून बसले. ऊन लागलं म्हणून तिथं एक सलाईन लावलं होतं.

"मॅडम, बीपी लागत नाही," सिस्टर म्हणाल्या.

साखर एकदम खाली. हातपाय गार. छातीला स्टेथोस्कोप लावला. श्वास स्वच्छ होता, दम्याचा मागमूस नव्हता. मी अंबादासरावांकडे वळले.

"अंबादासराव, गोळी शेवटची कधी घेतली?"

"कोणती गोळी?"

"स्टिरॉइडची. रोजची एक."

"ती तर बंद केली ना मॅडम. मागच्या इंजेक्शनाहून आलो तवाच. मीच म्हणलं, आता इंजेक्शन चालू हाय, एका गोळीनं काय व्हनार. उगं अंगाला जहर. ती नको म्हणत व्हती, तुमाला विचारू म्हणत व्हती. मीच फेकून देल्ली स्ट्रिप." ते हे सांगत होते ते चांगलं काम केल्याच्या सुरात.

मी लगेच शिरेतून स्टिरॉइड दिलं, ग्लुकोज दिलं, दोन्ही हातांना सलाईन लावलं. औरंगाबादला हलवण्यासारखी अवस्था नव्हती. मध्ये एकदा शोभाताईंनी डोळे उघडले. नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दम न्हाई लागून राह्यला." त्यांना वाटत होतं, अंबादासराव घाबरलेत म्हणून धीर द्यावा. संध्याकाळ व्हायच्या आत त्या गेल्या.

अंबादासरावांनी विचारलं, "कशानं गेली?" त्यांना भावानं धरून उभं केलं होतं. मी म्हटलं, "आज नको. तुम्ही नंतर या, मी सगळं सांगेन."

लता सिस्टर मागून माझ्या केबिनमध्ये आल्या. "मॅडम, नका सांगू त्यांना. जुलाबानं गेली म्हणा. खोटं बी न्हाई ते. हे ऐकलं तर तो माणूस जगायचा न्हाई."

मी बरेच दिवस त्यावर विचार करत राहिले. कुणाचं भलं होणार होतं सांगून?

ते महिन्याभरानं आले. दाढी वाढलेली. खुर्चीवर बसले, पण पाठ टेकवली नाही.

"मॅडम, एकच विचारायला आलो. इंजेक्शनानंच गेली ना ती?"

"कोण म्हणतं?"

"सगळे. आमच्या मोठ्या भावानं तर संजूला तेराव्याला पंगतीतून उठवून लावलं. नवं नवं औषध घिऊन आल्ता, बहिणीला खाल्लं म्हणला. मी बी गप बसलो. पोरगं ताटावरून उठून गेलं मॅडम. पुण्याहून आल्तं."

आता गप्प राहणं म्हणजे एका निर्दोष भावावर बहिणीचा मृत्यू लिहून ठेवणं होतं. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. झोपलेली ग्रंथी, ती एक गोळी, जुलाब, सगळं. हेही सांगितलं, की इंजेक्शननं तिचं भलंच केलं होतं. शेवटच्या दिवशीसुद्धा तिची छाती मोकळी होती.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी."

"ती गोळी इतकी वर्षं चालली, ते तुमच्या हातात नव्हतं. तुम्ही तिच्या भल्यासाठी केलंत."

"पण तुमी सांगितलं व्हतं." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मला वाटलं, डॉक्टर लोकं सांगतच असतात तसं. आन् ती म्हणली व्हती, विचारू. मी म्हणलं, तुला काय कळतं."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडण्याचा आवाज आला नाही, नुसते खांदे हलत होते. मी पाणी पुढं केलं. ते तसंच राहिलं.

बऱ्याच वेळानं उठले. दाराशी थांबून म्हणाले, "नसतं सांगितलं तर बरं झालं असतं मॅडम." आणि मग, "पण मंग संजूला कुणी बोलावलं असतं परत."

वर्षश्राद्धाला संजय आला होता, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. दाजींनी स्वतः स्टँडवर येऊन नेलं, सगळ्या भावकीसमोर खरं काय ते बोलले आणि मग कुणाशीच बोलले नाहीत. पुढं त्यांनी जालना सोडलं, मिलही सोडली. गावी असतात. माझ्याकडे पुन्हा आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

त्यानंतर ते इंजेक्शन मी बऱ्याच जणांना दिलं. चांगलं औषध आहे. गोळीही वाईट नाही, तिनं कित्येकांचे जीव वाचवलेत. लोक मला विचारतात, नवं बरं की जुनं? मी म्हणते, नवं सुरू करणं सोपं असतं. जुनं अंगात घर करून बसलेलं असतं, त्याला बाहेर काढायला वेळ लागतो. आणि गोळी कमी करायची वेळ आली, की पेशंटवर ज्याचा सगळ्यात जास्त जीव आहे, त्याला मी एकट्याला आत बोलावते. घाई बहुतेक तोच करतो.